आयगन व्हॅल्यू : हा 'आयगन' नावाचा माणूस कोण?

चिंतामणी_के:
शीर्षक वाचून हसू नका. मी मेकॅनिकल इंजिनियर, कॉलेज सोडून सव्वीस वर्षं झाली. दुसऱ्या वर्षाला मॅट्रिक्स शिकवणाऱ्या सरांनी फळ्यावर 'आयगन व्हॅल्यू' असं लिहिलं आणि म्हणाले, "आयगन नावाच्या शास्त्रज्ञाने शोधून काढलेली." आम्ही निमूट उतरवून घेतलं. फूरियेची सिरीज, लाप्लासचा ट्रान्सफॉर्म, तशी या आयगनची व्हॅल्यू. परीक्षेत १० मार्कांना हमखास यायची, सोडवायची आणि विसरायची.

परवा चिरंजीव जर्मनचा गृहपाठ करत होते. नववीत आहे, शाळेत संस्कृत सोडून जर्मन घेतलंय. वाक्य होतं, 'इश म्योश्टे माइन आयगनेस त्सिमर'. अर्थ विचारला तर म्हणाला, "मला माझी स्वतःची खोली हवी आहे." (टोमणा पोचला. आमचं घर दोन खोल्यांचं.) मी म्हटलं, आयगन हा तर शास्त्रज्ञ! तो म्हणाला, "बाबा, आयगन म्हणजे स्वतःचा. कुठला शास्त्रज्ञ?"

तर मंडळी, सव्वीस वर्षं मी ज्याला माणूस समजत होतो तो माणूसच नव्हता का? आणि आयगन म्हणजे 'स्वतःचा' असेल, तर ही व्हॅल्यू नेमकी कोणाची स्वतःची? चिरंजिवांनी हा दुसरा प्रश्न विचारला तेव्हा मी जेवायला बसलो.

गोटीराम:
काका, तुम्ही एकटे नाही. मी तर 'आयजेन' म्हणायचो. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले सर म्हणाले, "हे हायजीनचं काय सांगतोयस?"

सायली_हानोफर:
चिरंजीव शंभर टक्के बरोबर. मूळ जर्मन शब्द 'आयगनवेर्ट'. 'आयगन' म्हणजे स्वतःचा, 'वेर्ट' म्हणजे किंमत, मूल्य. इंग्रजीतल्या 'वर्थ'चा सख्खा भाऊ. दोन शब्द चिकटवून एक केला. जर्मन लोकांना हे व्यसनच आहे. शेवटचा शब्द घरचा कर्ता, लिंग त्याचं चालतं. वेर्ट पुल्लिंगी म्हणून 'देअर आयगनवेर्ट'.

इंग्रजांनी अर्धाच शब्द भाषांतरित केला. वेर्टचं व्हॅल्यू केलं आणि आयगन तसंच ठेवलं. म्हणून तो माणसाच्या नावासारखा दिसतो.

इथे जर्मनीत रोजच्या बोलण्यात हा आयगन पावलोपावली भेटतो. आयगनटूम म्हणजे मालमत्ता, आयगनशाफ्ट म्हणजे गुणधर्म, आयगननामे म्हणजे विशेषनाम. फुटबॉलमध्ये आपल्याच गोलात चेंडू मारला की आयगनटोअर. माझा सगळ्यात लाडका शब्द आयगनब्र्योटलर: जो आपला पाव वेगळा भाजतो तो. म्हणजे एकलकोंडा, आपल्याच तंत्राने चालणारा माणूस.

बेरकी:
थांबा थांबा. आयगन नावाचा शास्त्रज्ञ होता! मानफ्रेड आयगन. जर्मन होता, १९६७ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालंय. सरांचा अपमान खपवून घेतला जाणार नाही.

ग्रंथकीटक:
@बेरकी, होता की. अतिशय वेगाने होणाऱ्या रासायनिक अभिक्रिया मोजल्याबद्दल नोबेल. २०१९ साली वारला. पण जन्म १९२७ चा. आयगनवेर्ट हा शब्द डाव्हिड हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने १९०४ साली छापलाय. आता जन्माआधी तेवीस वर्षं कोणी मॅट्रिक्स सोडवत असेल तर सरांना साष्टांग नमस्कार.

बेरकी:
अभिमन्यू पोटात असताना चक्रव्यूह शिकला होता. ;)

चिंतामणी_के:
सायलीताई, धन्यवाद. एक प्रश्न सुटला, माणूस नव्हता. दुसरा तसाच आहे. कोणाची स्वतःची?

निनाद७:
गणित शिकवतो म्हणून थोडं लांबण लावतो. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा चौकोन हे डोक्यातून काढा. मॅट्रिक्स म्हणजे एक क्रिया. तिच्यात बाण घालायचा, दुसरा बाण बाहेर येतो.

एक छोटी घेऊ. पहिल्या ओळीत २ आणि १, दुसऱ्या ओळीत १ आणि २. (प्रत्येक ओळीतले आकडे बाणाच्या आकड्यांशी क्रमाने गुणायचे आणि बेरीज करायची.) आता आडवा बाण (१, ०) घाला. बाहेर येतो (२, १). लांब झाला आणि वळलासुद्धा. उभा (०, १) घाला, (१, २) येतो. तोही वळला. आता तिरका (१, १) घाला. येतो (३, ३). अजिबात वळला नाही! फक्त तिप्पट झाला. दुसरा तिरका (१, -१) घाला, तर जसाच्या तसा परत, म्हणजे एकपट. बाकी कुठलाही बाण घाला, तो दिशा सोडणारच.

तर या क्रियेच्या दोन खास दिशा, आणि त्यांवरचे दोन आकडे, ३ आणि १. ते दोन आकडे म्हणजे आयगन व्हॅल्यू. कोणाचे? तर क्रियेचे. बाणाचे नाहीत. (१, १) हा बाण दुसऱ्या मॅट्रिक्समध्ये घातला तर कुठेही वळेल, त्याच्याकडे स्वतःचं असं ३ काही नाही. ३ हे त्या मॅट्रिक्सच्या अंगात आहे.

मंदाकिनी:
मला गणितातलं ओ की ठो कळत नाही, पण हे मी रोज बघते. मी चाळीस वर्षं शिवणकाम करतेय. सुती रुमाल घ्या, समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरका ओढा. उभे धागे आणि आडवे धागे दोन्ही कलतात, चौकटीची शंकरपाळी होते. पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेनने रेघ मारली असेल तर ती रेघ कलत नाही, तिथल्या तिथे लांबते. म्हणूनच गळ्याला पायपीन लावायची पट्टी आम्ही तिरकी कापतो. उरेब म्हणतात आमच्याकडे. सरळ कापलेली पट्टी गोलाईवर बसतच नाही. हेच का ते?

निनाद७:
मंदाकिनीताई, हेच! मी अकरा वर्षं शिकवतोय, रुमाल सुचला नाही. एक भर घालतो. तुमच्या रुमालात एक कर्ण लांबतो तेव्हा दुसरा आखडतो. म्हणजे पहिल्या दिशेचा आकडा १ पेक्षा जास्त, दुसऱ्या दिशेचा १ पेक्षा कमी. माझ्या उदाहरणात दुसरा बरोबर १ होता. उद्या वर्गात रुमाल घेऊन जातोय.

मंदाकिनी:
न्या, पण इस्त्री केलेला नेऊ नका, ओढून वाट लागेल.

जुना_खोडकर:
वाचनखूण साठवली. पुढच्या जन्मी इंजिनियर झालो तर उपयोगी पडेल.

ग्रंथकीटक:
नावाचा इतिहास फार मजेशीर आहे, कोणाला रस असेल तर.

वस्तू जुनी, नाव नवं. अठराव्या शतकात लाग्रांज आणि लाप्लास ग्रहांच्या कक्षांचा हिशेब करत होते. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे कक्षा शतकानुशतकं अगदी सावकाश हलत राहतात. त्या हिशेबातून जे समीकरण आलं त्याला नाव पडलं 'सेक्युलर इक्वेशन'. लॅटिनमध्ये 'सेक्युलुम' म्हणजे युग, शतक. पुढे फ्रान्समध्ये कोशी या गणितज्ञाने 'कॅरॅक्टरिस्टिक' हे विशेषण आणलं. इंजिनियरिंगच्या पुस्तकातलं कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन ते हेच.

मग १८८३ साली इंग्लंडचा सिल्व्हेस्टर. नवीन शब्द पाडण्याची त्याला भारी हौस. 'मॅट्रिक्स' हा शब्दही गणितात त्यानेच आणला. त्याने आयगन व्हॅल्यूला नाव दिलं 'लेटंट रूट', सुप्त मूळ. कारण काय दिलं? पाण्यात जशी वाफ सुप्त असते किंवा तंबाखूच्या पानात धूर, तशा या संख्या मॅट्रिक्समध्ये सुप्त असतात.

आणि १९०४ साली ग्योटिंगनच्या हिल्बर्टने आयगनवेर्ट आणि आयगनफुंक्त्सिओन हे दोन शब्द वापरले. त्याचं काम इंटिग्रल समीकरणांवर होतं. गंमत म्हणजे समीकरणात त्याने तो आकडा दुसऱ्या बाजूला धरला होता, त्यामुळे हिल्बर्टची आयगनवेर्ट आजच्या हिशेबाने उलटी पडते. आपली ३ तर त्याची १/३.

निपाणीकर:
तंबाखूच्या पानात धूर सुप्त! हा सिल्व्हेस्टर आमच्याकडचाच म्हणायचा. आमच्या वखारीत पोत्यावर बसून आजोबा हेच सांगायचे, फक्त गणित सोडून.

बेरकी:
सेक्युलर इक्वेशन??? म्हणजे आयगन व्हॅल्यू सेक्युलर आहे तर. मला आधीच संशय होता.

कट्टर_पुणेकर:
आमच्या मॅट्रिक्समध्ये असलं काही चालणार नाही.

गोटीराम:
आली का गाडी वळणावर! आता या धाग्याचे दोनशे प्रतिसाद पक्के. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

संपादक:
सेक्युलर शब्दावरचे पुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत. 'शतकी समीकरण' या अर्थाने चर्चा चालू ठेवावी, ही विनंती.

शब्दवेडी:
उशिरा आले, पण माझ्या आवडीचं कोणी बोललंच नाही अजून.

हा 'आयगन' आपल्या घरातलाच निघतो. प्राचीन जर्मनिक भाषांत 'आयगन' असं क्रियापद होतं, अर्थ 'मालकीचं असणं'. गॉथिक भाषेत ते लिहिलेलं सापडतं. इंग्रजीतले ओन, ओ आणि ऑट हे तिन्ही शब्द त्याचेच वंशज. आणि संस्कृतात याच मुळाचा धातू आहे ईश्. धातुपाठात 'ईश ऐश्वर्ये' असा दिलाय. मालक असणं, सत्ता असणं. त्यातून ईश, ईश्वर, ऐश्वर्य.

ध्वनी जुळत नाहीत असं वाटेल, पण ते नेमाने जुळतात. संस्कृतात जिथे श येतो, तिथे जर्मनिक घराण्यात ह किंवा ग येतो. शतम् आणि जर्मन हुंडर्ट. श्वन्, म्हणजे कुत्रा, आणि जर्मन हुंड. दश आणि गॉथिक तैहुन. त्याच नेमाने ईश् आणि आयगन.

म्हणजे गण + ईश = गणेश. यातला ईश आणि आयगनवेर्टमधला आयगन हे चुलत भाऊ. धागाकर्त्याचं नावच चिंतामणी आहे, तेव्हा हा योगायोग मला फारच आवडला.

अभिमानी:
बघा! शेवटी सगळं संस्कृतातूनच गेलं ना? जर्मन लोकांनी आपल्या ग्रंथांवरूनच घेतलं. आपण मात्र इंग्रजीच्या मागे.

शब्दवेडी:
@अभिमानी, तसं नाही हो. चुलत भाऊ म्हटलं, मुलगा नाही म्हटलं. दोघांचा आजा एक, त्याची भाषा आज कोणी बोलत नाही. आयगन संस्कृतातून गेलेला नाही, जसं मराठीतलं 'दोन' इंग्रजीतल्या 'टू'वरून आलेलं नाही. आणि हिल्बर्टने शब्द घेतला तो त्याच्या बाजारातल्या, स्वयंपाकघरातल्या जर्मनमधून. सायलीने वर दिलेली यादी बघा.

अभिमानी:
ते तुमचं मत.

जुना_खोडकर:
पुढे चला रे, संपादक जागे आहेत.

ठेका_धरणारा:
मी तबला वाजवतो, बँकेतून निवृत्त. ग्रंथकीटकांनी ग्रहांचं सांगितलं, मी माझ्या हाताखालचं सांगतो.

साधा ढोल, म्हणजे नुसतं ताणलेलं कातडं, वाजवलं की एकच स्वर निघत नाही. बरेच निघतात, आणि ते एकमेकांशी फटकून असतात. सगळ्यात खालचा १ धरला तर वरचे १.५९, २.१४, २.३० असे भलतेच. म्हणून ढोल नुसता 'धब्' करतो, सुरात लागत नाही. हे आकडे कातड्याचे स्वतःचे. कुठेही, कशानेही मारा, कमीजास्त प्रमाणात तेच निघणार.

तबल्याला मधोमध शाई असते. थरावर थर देत, घोटून चढवलेली. त्या वजनाने कातड्याचे आकडे बदलतात आणि १, २, ३, ४, ५ असे सरळ रांगेत येतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये यावर लिहिलं आणि १९३४ साली पुन्हा विस्ताराने. नोबेल मिळालं प्रकाशाला, पण हा माणूस मृदंग आणि तबल्यातही तितकाच रमलेला. त्यांनी दाखवलं की कातड्याच्या हलण्याच्या नऊ तऱ्हा पाच स्वरांत गोळा होतात.

'ना' हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावरच्या पट्टीवर पडते. टेकलेल्या बोटाखाली कातडं हलू शकत नाही, त्यामुळे ज्या तऱ्हांना तिथे हलायचंच असतं त्या बाद होतात. बोट उचलून मारून बघा, 'ना' येणारच नाही. माझे गुरुजी एवढंच म्हणायचे, "बोट ठेव, ओझं नको ठेवू." यामागे आयगन व्हॅल्यू आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मला आज कळलं.

निनाद७:
काय सुंदर लिहिलंत! आणि हे शब्दाच्या जन्माला अगदी लागून आहे. हिल्बर्टच्या आधी हेल्महोल्ट्झ हा जर्मन शास्त्रज्ञ. त्याचा स्वरांवरचा मोठा ग्रंथ १८६३ चा. पोकळ गोळ्याचा, तारेचा, हवेच्या नळीचा जो अंगचा स्वर, त्याला तो 'आयगनटोन' म्हणायचा. म्हणजे शब्द गणिताच्या कारखान्यात गेला तो संगीताच्या दुकानातून. आधी स्वतःचा स्वर, मग स्वतःचा आकडा.

उलटा प्रश्नही आहे. आकडे ऐकून कातड्याचा आकार ओळखता येईल का? मार्क काट्स या गणितज्ञाने १९६६ साली विचारला. १९९२ साली गॉर्डन, वेब आणि वोल्पर्ट या तिघांनी दोन वेगवेगळे आकार दाखवले, ज्यांचे सगळे आकडे सारखे. उत्तर : नाही.

ठेका_धरणारा:
आमच्याकडे शेजारच्या खोलीतून ऐकूनही तबला कोणाच्या हातचा ते ओळखतात. :)

मडगावचो_पाव:
सायलीताईंच्या पाववाल्या शब्दावरून आलो. इतर भाषांत काय झालं तेही मौजेचं. फ्रेंचमध्ये 'वालर प्रोप्र'. प्रोप्रचे दोन अर्थ, स्वतःचा आणि स्वच्छ. पॅरिसला शिकणारा मित्र पहिल्या वर्षी 'धुतलेली किंमत' समजत होता. पोर्तुगीजमध्ये 'व्हालोर प्रोप्रियु'. इटालियनमध्ये 'आउटोव्हालोरे'. रशियन 'सोब्स्त्व्हेन्नये झ्नाचेनिये', तिथेही स्वतःचंच. जपानी 'कोयूची', म्हणजे अंगभूत आकडा. सगळ्यांनी पूर्ण भाषांतर केलं. इंग्रजीनेच काय ते अर्धं ठेवलं.

ग्रंथकीटक:
इंग्रजीतही भांडण झालंय. 'प्रॉपर व्हॅल्यू' म्हणणारा मोठा गट होता. पॉल हाल्मोस त्यांचा म्होरक्या. त्याने स्वतःच्या पाठ्यपुस्तकात नेटाने प्रॉपर व्हॅल्यू वापरलं. १९६७ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत मात्र त्याने हत्यार खाली ठेवलं. आयगन व्हॅल्यू ही दीड वेळा भाषांतरित झालेली जर्मन-इंग्रजी खिचडी आहे, पण युद्ध संपलं आणि तीच जिंकली, असं तो लिहितो.

जिंकण्यामागे श्र्योडिंगरचाही हात असणार. १९२६ साली त्याने क्वांटम मेकॅनिक्सवर जी चार लेखांची माळ लिहिली, तिच्या मथळ्यातच 'आयगनवेर्टप्रॉब्लेम' आहे. अणूची ऊर्जा कुठलीही का नसते, ठरावीकच का असते? तर तबल्याच्या स्वरांसारखी, अणूची स्वतःची म्हणून. त्यानंतर जगभरच्या भौतिकवाल्यांना जर्मन वाचणं भाग पडलं आणि आयगन सगळ्यांच्या तोंडी बसला.

गोटीराम:
खिचडीला नावं ठेवू नका. आपला 'जिल्हाधिकारी' बघा. जिल्हा अरबी, अधिकारी संस्कृत, आणि सही इंग्रजीत.

मडगावचो_पाव:
आणि 'पावरोटी'! पाव पोर्तुगीज, रोटी आपली. रोटी-रोटीच झाली.

मराठी_बाणा:
मग मराठीत का नको? मी 'स्वमूल्य' सुचवतो. सुटसुटीत, कोणालाही कळेल.

शब्दवेडी:
'स्वमूल्य' म्हटलं की स्वाभिमानावरचं व्याख्यान आठवतं. 'निजमूल्य' कसं वाटतं? निज म्हणजे स्वतःचा, अंगचा. संतांच्या मराठीत निजरूप, निजसुख आहेच.

गोटीराम:
निजमूल्य म्हणजे झोपायचे पैसे. लॉजचा दर.

निनाद७:
मूल्य या शब्दावरच माझी हरकत आहे. गणितात 'व्हॅल्यू' म्हणजे किंमत नव्हे, आकडा. मी वर्गात 'अंगचा आकडा' म्हणतो आणि पोरांना लगेच कळतं. परीक्षेत मात्र आयगन व्हॅल्यूच लिहायला सांगतो, नाहीतर मार्क जायचे.

मराठी_बाणा:
म्हणजे मराठी फक्त समजावायला आणि इंग्रजी लिहायला. हेच तर दुखणं आहे.

निनाद७:
दुखणं आहे, मान्य. पण ज्या पोराला परवा परीक्षा आहे त्याच्यावर मी प्रयोग करणार नाही.

मंदाकिनी:
'अंगचा आकडा' छान आहे. आम्ही कापडाला म्हणतोच, 'हा ताण त्याच्या अंगचाच आहे, धुतला तरी जाणार नाही.'

डेटावाला:
आयटीतून एक फांदी. गूगल सुरुवातीला पानांची क्रमवारी लावायचं ते याच बाणावर. वेबची सगळी पानं, कोणाचा दुवा कोणाकडे, याची एक अवाढव्य मॅट्रिक्स. तिचा जो न वळणारा बाण, तो पानांचं महत्त्व सांगतो. गूगलचे संस्थापक पेज आणि ब्रिन, १९९८. आकडा शोधायचीही गरज नाही, तो १ असतो. मी रोज हे वापरतो आणि आयगन म्हणजे काय हे आज कळलं. पगार परत करावा लागेल का?

सायली_हानोफर:
चिंतामणीरावांच्या 'कोणाची स्वतःची' या प्रश्नाला निनाददादांनी गणितातून उत्तर दिलं, मी भाषेतून देते.

जर्मनमध्ये आयगनचे दोन वापर आहेत. एक मालकीचा : माइन आयगनेस त्सिमर, माझी स्वतःची खोली. दुसरा वापर असा की एखाद्याला काहीतरी 'आयगन' असतं, म्हणजे ती त्याची खासियत असते, दुसऱ्यात सापडत नाही. आजीच्या आमटीची चव आजीला 'आयगन' असते. गणितातला आयगन या दोन्हींच्या मधोमध उभा आहे. म्हणून फ्रेंचांचं 'स्वतःचा' आणि कोशीचं 'कॅरॅक्टरिस्टिक' ही दोन भाषांतरं ऐकायला लांबची वाटतात, पण एकाच शब्दाचे दोन गाल आहेत. हिल्बर्टच्या लिखाणात हे आकडे त्या समीकरणाच्या गाभ्याचे असतात, 'केर्न'चे. तेव्हा मालक तो गाभा, म्हणजे निनाददादांची क्रिया.

अवांतर : हिल्बर्टचं ग्योटिंगन इथून, हानोफरहून, रेल्वेने तासाभराच्या आत. मागच्या शरद ऋतूत तिथल्या जुन्या दफनभूमीत गेले होते. हिल्बर्टच्या दगडावर त्याचंच वाक्य आहे, 'आपल्याला जाणून घ्यायलाच हवं, आपण जाणून घेऊच'. तिथेच माक्स प्लांक आहे, त्याच्या दगडाच्या खालच्या बाजूला त्याचा स्थिरांक कोरलाय. आणि माक्स बोर्नच्या दगडावर सूत्र. एक आजी पाण्याची झारी घेऊन फुलांना पाणी घालत होत्या. मी इतका वेळ तिथे काय बघतेय म्हणून थांबल्या. मी म्हटलं, गणित. त्या म्हणाल्या, "इथे ते बरंच आहे."

बेरकी:
सायली, एक नंबर. जर्मन म्हणींमध्येही आयगन असेल ना काही?

सायली_हानोफर:
'आयगनलोब श्टिंक्ट'. स्वतःची स्तुती घाण मारते.

बेरकी:
म्हणजे काही आयडींना प्रतिसाद देणंच बंद करावं लागेल. हलकेच घ्या.

चिंतामणी_के:
दोन दिवस कामात होतो, धागा भलताच फोफावला. सगळ्यांचे आभार.

काल रात्री जेवण झाल्यावर चिरंजिवांना समोर बसवलं. मंदाकिनीताईंचा रुमाल घेतला, त्यावर उभी, आडवी आणि तिरकी अशा तीन रेघा बॉलपेनने मारल्या आणि ओढला. मग निनाद यांचे आकडे वहीत करून दाखवले. (१, १) चं (३, ३) झालं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मॅट्रिक्सची सवय आहे ती." मला ते 'व्हॅल्यू'पेक्षा बरं वाटलं. रुमाल बायकोचा होता, शाई गेलेली नाही, तो विषय वेगळा.

मग शब्दवेडींचं ईश् आणि आयगनचं नातं वाचून दाखवलं, संस्कृत सोडल्याचा जरा पश्चात्ताप व्हावा म्हणून. इथे चूक झाली. वर एक सांगायचं राहिलं होतं. चिरंजिवांचं नाव ईशान.

शब्दवेडी:
अहो! ईशान म्हणजे त्याच ईश् धातूचं रूप. 'ज्याच्या मालकीचं आहे तो'.

चिंतामणी_के:
तेच त्याने मोबाइलवर शोधून काढलं, दीड मिनिटात. आता म्हणतो, "नाव तुम्हीच ठेवलंत, खोली द्या."

गोटीराम:
काका, आयगनटोअर!